विचारणाऱ्याचे शिक्षण

आरोग्य-संशोधकांच्या प्रशिक्षण कार्यशाळा हा विषय आमच्या वाट्यास आला, तेव्हा जुन्या जालन्यातील काही स्नेह्यांनी विचारले, की हा विषय डॉक्टरांचा. त्यात कामगार चळवळीतल्या माणसाचे काय काम? प्रश्न रास्त आहे. आमच्या लोकांत कार्यशाळा म्हटली की लेथ, वाइस आणि तेलाने माखलेले कपडे डोळ्यांपुढे येतात. सभागृहात बसून, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून चालते ती कार्यशाळा आमच्या फारशा परिचयाची नव्हे. तरी आम्ही हा विषय आनंदाने घेतला. कारण संशोधन शिकलेला मनुष्य सभागृहातून बाहेर पडला की कोणाकडे तरी जातो. तो ज्याच्या छातीला नळी लावतो, ज्याच्या बोटातून रक्त काढतो आणि ज्याला शंभर प्रश्न विचारतो, तो बहुधा आमच्यापैकी असतो.

आणखी एक कारण ताजे आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत एक जालन्याचे. १ मे १९८१ रोजी आपला जिल्हा झाला; तेव्हापासून त्रेचाळीस वर्षांनी हे घडले. त्याचा आनंद आम्हांस आहेच. परंतु जेथे वैद्यकीय महाविद्यालय येते तेथे संशोधनही येते, आणि ते कोणावर व्हायचे हे सांगण्यास ज्योतिषी नको. औद्योगिक वसाहतीतील भट्ट्या व रोलिंग मिल, कापसाचे जिनिंग कारखाने, अंबड-घनसावंगीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या, कुंडलिकेच्या दोन्ही काठांवरील दाट वस्त्या या साऱ्यांना पुढील दहा-वीस वर्षांत अनेकदा प्रश्न विचारले जातील. ते कसे विचारले जावेत, हे ठरवण्याची वेळ आताची आहे.

प्रथम या कार्यशाळांचे स्वरूप थोडक्यात सांगतो. आपल्या देशात वैद्यकीय संशोधनाला दिशा देणारी मध्यवर्ती संस्था १९११ साली स्थापन झाली. १९४९ पासून ती भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद या नावाने ओळखली जाते. पदवीच्या विद्यार्थ्याने दोन महिन्यांचा छोटा संशोधन-प्रकल्प करावा म्हणून या परिषदेने १९७९ साली विद्यावेतन सुरू केले. १९९८ साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघाले; त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांतून संशोधनपद्धतीच्या दोन-दोन, तीन-तीन दिवसांच्या कार्यशाळा भरतात. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेने जैववैद्यकीय संशोधनाचा एक मूलभूत पाठ्यक्रम संगणकावरून शिकता येईल असा तयार केला, आणि २०१९ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तो आवश्यक ठरला. संशोधनाचा प्रश्न कसा मांडावा, किती माणसे तपासावीत, कोणती निवडावीत, आकड्यांचा अर्थ कसा लावावा, निबंध कसा लिहावा आणि नीतिनियम कोणते पाळावेत, असा साधारण क्रम असतो. क्रम चांगला आहे. आमची तक्रार एवढीच, की यांतील आकड्यांना आणि निबंधाला बराच वेळ मिळतो, पण समोरच्या माणसाला प्रश्न कसा विचारावा याला फार थोडा. निबंध छापून आल्यावाचून बढती नाही, मग तसे होणारच.

विचारणे ही किती अवघड विद्या आहे याचे एक उदाहरण घेऊ. कापसाच्या धुळीने फुप्फुसाचा एक रोग होतो, त्याला बिसिनोसिस म्हणतात. या रोगाची खूण चमत्कारिक आहे. कामगार सुटीच्या दिवशी घरी असतो, धुळीपासून दूर असतो. दुसऱ्या दिवशी कामावर गेला की काही तासांनी त्याची छाती आवळल्यासारखी होते. आरंभी हे सुटीनंतरच्या पहिल्या दिवशीच घडते, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही घडू लागते, आणि शेवटी धाप कायमची मागे लागते. इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्यांत शिलिंग नावाच्या डॉक्टराने १९५० नंतरच्या दशकात या पायऱ्या ठरवून दिल्या. तेथे सुटी रविवारी, म्हणून प्रश्न असा: ‘सोमवारी तुमची छाती आवळते का?’

आता हाच प्रश्न जसाच्या तसा मराठीत उतरवून आपल्याकडे विचारा. आपल्या औद्योगिक वसाहतींत साप्ताहिक सुटी कोठे गुरुवारी, कोठे शुक्रवारी असते. ज्याची सुटी शुक्रवारची, त्याला सोमवारचे काय? तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, आणि कागदावर निरोगी म्हणून त्याची नोंद होईल. जिनिंगमध्ये तर हंगामाच्या भरात काम सलग चालते, मग सुटीनंतरचा पहिला दिवस म्हणजे हंगाम सुरू होतो तो दिवस. शिवाय शब्दांची गंमत निराळीच. ‘दमा आहे का?’ असे विचारले तर तरणा गडी रागावतो, कारण दमा हा म्हाताऱ्याचा रोग. ‘दम लागतो का?’ म्हटले तर म्हणेल, ‘पोते उचलल्यावर कोणाला लागत नाही?’ ‘जिना चढताना बरोबरीच्या माणसाच्या मागे पडता का, मध्येच थांबावे लागते का?’ असे विचारले म्हणजे तो विचार करतो आणि खरे उत्तर देतो. बिहार-उत्तर प्रदेशाकडून भट्टीवर आलेल्या कामगारासाठी हेच पुन्हा त्याच्या बोलीत बसवावे लागते. १९६० साली ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने श्वसनविकारांची प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात प्रश्न छापल्याबरहुकूम विचारावा अशी ताकीद होती. ताकीद योग्यच, कारण प्रत्येकाने आपल्या मनाने विचारले तर दोन ठिकाणच्या उत्तरांची तुलना होत नाही. परंतु छापण्यापूर्वी प्रश्न आमच्या माणसांत बसून तपासला पाहिजे, ही त्याच ताकिदीची दुसरी बाजू. कार्यशाळेत हे काम खडू-फळ्याने होत नाही. कामगाराला खुर्चीवर बसवून, त्याला शिक्षक मानूनच ते होते.

मुंबईत या गोष्टीची जाण काही डॉक्टरांना व कामगार कार्यकर्त्यांना आली होती. ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर या नावाने त्यांनी एकत्र येऊन काम केले, कापड गिरणीतील बिसिनोसिसचा आणि आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाचा अभ्यास केला. कामगाराला आपला रोग ओळखता यावा आणि डॉक्टराला कामगाराचे काम कळावे, ही दुहेरी शिकवणी त्यांनी चालवली. संघटनेचा कार्यकर्ता आणि डॉक्टर एका टेबलाशी बसले की काय होऊ शकते, याचा तो नमुना आहे.

मापन करण्यातही अशाच खाचा आहेत. भट्टीवर व मिलमध्ये आवाज भयंकर. कान गेलेल्या कामगारांची ओळख आम्हांस गल्लोगल्ली आहे. पण कानाची तपासणी पाळी सुटल्याबरोबर केली, तर तात्पुरता बधिरपणाही त्यात मिसळतो आणि माप चुकते. म्हणून किमान १४ तास आवाजापासून दूर राहिल्यावर, म्हणजे पाळीवर जाण्यापूर्वी, तपासणी करावी लागते. आता ज्याची खोली कारखान्याच्या भिंतीलाच लागून आहे, त्याचे हे १४ तास कोठून आणायचे? असे प्रश्न चेन्नईच्या पाठात असतील-नसतील, जालन्याच्या पाठात असलेच पाहिजेत. फुप्फुसाची ताकद मोजण्याच्या यंत्रात जीव खाऊन फुंकावे लागते. निदान तीन फुंकी नीट व्हाव्या लागतात आणि त्यांतील दोन एकमेकींच्या अगदी जवळ याव्या लागतात. ज्याला भीती आहे, की फुंक कमी निघाली तर उद्यापासून काम बंद, तो काय करील? आणि ज्याला वाटते, की फुंक कमी निघाली तर भरपाई मिळेल, तो काय करील? यंत्र दोघांनाही ओळखत नाही. ओळखावे लागते ते माणसाने, आणि त्यासाठी अगोदर भीतीचे कारण दूर करावे लागते. मापन कोणासाठी आहे, आकडा कोणाच्या हाती जाणार आहे, हे कामगाराला आधी समजले पाहिजे.

आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. एका कारखान्यात, नाव घेण्याचे प्रयोजन नाही, आरोग्याची पाहणी करण्यास तरुण मुलेमुली आली. मुले चांगली होती, कष्टाळू होती. त्यांना जागा मिळाली ती सुपरवायझरच्या खोलीत, आणि सुपरवायझर दुभाष्या म्हणून शेजारी बसला. दिवसभरात जितके कामगार आत गेले तितक्यांनी ‘काही त्रास नाही’ असे सांगितले. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यांतलेच काहीजण खोकत बसले होते. अहवाल काय निघाला ते आम्हांस कधी कळले नाही, कारण तो आमच्याकडे परत आलाच नाही. त्या मुलांना दोष द्यावासा आम्हांस वाटत नाही. कोठे बसून विचारावे हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते.

याहून सूक्ष्म फसगत मोजणीत असते. भट्टीच्या आतील अस्तर क्वार्ट्झच्या पुडीचे ठोकून बसवतात, त्याला रॅमिंग मास म्हणतात. जुने अस्तर फोडताना आणि नवे भरताना जी बारीक धूळ उडते ती सिलिकाची. ती वर्षानुवर्षे फुप्फुसात बसली म्हणजे सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, आणि क्षयाशी त्याचा घोटाळा होतो. आता संशोधक कारखान्याच्या फाटकावर उभा राहून आज कामावर असलेल्या शंभर माणसांना तपासतो. त्यांत त्याला रोगी थोडेच सापडतात. का? कारण ज्याला धाप लागली तो काम सोडून कधीच आपल्या गावी गेला. फाटकावर उरतात ते धडधाकट. याला शास्त्रात ‘निरोगी कामगार परिणाम’ असे म्हणतात. जालन्यात त्याचा जोर दुप्पट, कारण आजारी पडणारा कामगार पुष्कळदा हजार मैल दूरचा असतो आणि ठेकेदाराच्या वहीत त्याचे नाव असेलच असे नाही. मालक म्हणेल, पाहा, शास्त्राने सिद्ध केले की आमच्याकडे रोग नाही! खरा अभ्यास करायचा तर गेल्या दहा वर्षांत कोण कोण काम सोडून गेले याची यादी हवी. ती यादी कोठल्याही कचेरीत मिळणार नाही. ती खोलीतल्या सोबत्यांच्या, खानावळवाल्याच्या आणि किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत सापडेल. संशोधकाला तेथवर नेणारा मनुष्य आमच्या संघटनेत आहे.

इटलीतील रामाझिनी या वैद्याने कारागिरांच्या रोगांवरील आपल्या १७०० सालच्या ग्रंथात, रोग्याला विचारायच्या नेहमीच्या प्रश्नांत आणखी एका प्रश्नाची भर घालण्यास सांगितले: तुझा धंदा काय? त्यास तीनशेहून अधिक वर्षे झाली. आज कोणत्याही दवाखान्यातील केसपेपर उघडून पाहा. धंद्याच्या रकान्यात लिहिलेले असते, ‘मजुरी’. भट्टीचे अस्तर ठोकणारा, कापसाच्या गाठी बांधणारी, उसाच्या मोळ्या वाहणारी, सारे ‘मजुरी’. सिलिकोसिस व बिसिनोसिस हे दोन्ही कायद्याने व्यवसायजन्य रोग मानले आहेत. पण रकान्यात व्यवसायच नसला तर कायद्याने कशाला हात घालावा? एका कार्यशाळेने एवढा एक रकाना भरायला शिकवले तरी आम्ही ती सार्थकी लागली असे समजू.

आता संमतीचा प्रश्न. कोणावरही संशोधन करण्यापूर्वी त्याला सर्व समजावून सांगून त्याची मोकळी संमती घ्यावी, हा नियम आज सर्वमान्य आहे. परंतु नियम कागदावर राहिला म्हणजे काय होते ते २००९-१० साली दिसले. त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा या जिल्ह्यांत शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणारी लस देऊन अभ्यास चालला होता. पुष्कळ आदिवासी मुली वसतिगृहात राहणाऱ्या. त्यांच्या संमतिपत्रांवर आईबापांच्या ऐवजी कित्येक ठिकाणी वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच सह्या केल्या. एप्रिल २०१० मध्ये तो कार्यक्रम थांबवला गेला, आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे मारले. लस वाईट होती असे आम्हांस म्हणायचे नाही. मुद्दा सहीचा आहे. वसतिगृहात अधीक्षक, तसा आमच्याकडे मुकादम. टोळीच्या वतीने मुकादमाने ‘हो’ म्हटले की तीस माणसांची संमती झाली, असे समजणारा संशोधक उद्या आमच्या जिल्ह्यात येणारच नाही असे कोण सांगेल? उचल घेतलेला मनुष्य मुकादमाला ‘नाही’ म्हणू शकत नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याला संमतीचा अर्थ ठाऊक नाही.

शेजारच्या बीड जिल्ह्याचे उदाहरण तर घरचेच. ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जातात, अशी ओरड झाल्यावर २०१९ साली सरकारने समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांत १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ती शस्त्रक्रिया झालेली आढळली. या स्त्रिया काही त्याच वर्षी प्रकट झाल्या नव्हत्या. तोवर कोणी पद्धतशीर मोजले नव्हते, इतकेच.

मोजणी शिकलेला मनुष्य काय करू शकतो हे गडचिरोलीत पाहावे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे व संशोधनाचे शिक्षण घेतले आणि १९८६ साली ते गडचिरोलीत येऊन राहिले. त्यापूर्वीची एक हकिकत आम्हां कामगारांना अधिक जवळची आहे. शेतमजुरांच्या किमान वेतनासाठी पागे समितीने दिवसाला ४ रुपये सुचवले होते. अभय बंग यांनी उष्मांकांचा आणि कुटुंबाच्या गरजांचा हिशेब नव्याने मांडला, तेव्हा तो आकडा १२ रुपयांवर गेला. आणि पुढे सरकारला १२ रुपये मान्य करावे लागले. आम्ही मोर्चे पुष्कळ काढले आहेत आणि मोर्चाची किंमत आम्ही कमी लेखणार नाही. पण हातात नीट मांडलेला हिशेब असला की मोर्चाच्या घोषणेला वजन येते, हे या उदाहरणावरून आम्ही तरुण कार्यकर्त्यांना नेहमी सांगतो.

गडचिरोलीची दुसरी गोष्ट प्रशिक्षणाची. लहान मुलाला न्यूमोनिया झाला आहे की नाही हे मिनिटाला श्वास किती यावरून कळते. खेड्यातील सुइणींना हे शिकवायचे तर अडचण अशी, की त्यांना बाराच्या पुढे मोजता येत नव्हते. सुइणी निरक्षर आहेत, म्हणून त्यांना वगळा, असे तेथे कोणी म्हटले नाही. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी असे साधन त्यांनी तयार केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया. पुढे त्यांनी ३९ खेड्यांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्यास शिकवले, आणि तुलनेसाठी ४७ खेडी वेगळी ठेवून जन्म-मृत्यूंची काटेकोर नोंद केली. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ च्या डिसेंबरात लॅन्सेट या विलायती साप्ताहिकात तो निबंध छापून आला, आणि २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या याच धर्तीवर घरोघर जाऊ लागल्या. निबंध तेथेही छापला गेलाच. पण तो मणी सरकवणाऱ्या बाईच्या बोटांवर उभा होता.

आता आपल्या गावाने काय करावे? परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक नियमांनुसार, माणसांवर संशोधन करणाऱ्या संस्थेस नीतिसमिती लागते. तिच्यात ७ ते १५ सभासद असावेत, निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावेत, अध्यक्षही बाहेरचाच असावा. त्यांत कायदा जाणणारा हवा, समाजशास्त्र जाणणारा हवा, आणि सामान्य जनांतील एक प्रतिनिधी हवा. हा शेवटचा सभासद डॉक्टर नसतो. संमतिपत्र साध्या माणसाला समजते की नाही, संशोधनातील धोका पेलण्याजोगा आहे की नाही, हे त्याने पाहायचे असते. समितीच्या सभासदांनीही प्रशिक्षण घ्यावे असे ते नियम सांगतात. म्हणजे कार्यशाळेत बसण्याचा अधिकार संशोधकाइतकाच या सामान्य सभासदाचाही आहे. ही जागा बहुधा एखाद्या निवृत्त प्रतिष्ठित गृहस्थाकडे जाते, आणि तो चहा पिऊन सही करतो. असे गृहस्थ या व्याख्यानमालेसही येत असतील. त्यांनी राग मानू नये. त्या खुर्चीवर जिनिंगमध्ये काम केलेली एखादी बाई किंवा भट्टीवर आयुष्य घालवलेला एखादा मेस्त्री बसला, तर वावगे काय? त्याला इंग्रजी येत नाही ही अडचण खरी. पण म्हणून कागद मराठीत आणि हिंदीत करावेत. गडचिरोलीत मणी ओवले गेले, येथे भाषांतर अशक्य नाही.

आमची सूचना अशी आहे. जालन्यात पुढे ज्या संशोधन-कार्यशाळा भरतील त्यांतला अर्धा दिवस सभागृहाबाहेर, पाळी सुटण्याच्या वेळी, कारखान्यापासून दूर एखाद्या मंदिराच्या ओट्यावर किंवा शाळेच्या वर्गात घ्यावा. तेथे विद्यार्थ्यांनी आपली प्रश्नावली कामगारांना वाचून दाखवावी आणि कोणता प्रश्न कोठे अडखळतो हे त्यांच्याकडून ऐकावे. आणि संशोधन संपल्यावर, इंग्रजी निबंध कोठेही छापून येवो, त्याचा निष्कर्ष एका पानावर मराठीत व हिंदीत लिहून ज्यांनी रक्त दिले, फुंक मारली, वेळ मोडला त्यांच्यापर्यंत पोचवावा. यासाठी लागणारी माणसे, जागा आणि चहा आम्ही संघटनेतर्फे पुरवू. महाविद्यालयाच्या चालकांना हे लेखी कळवण्याचे आम्ही ठरवले आहे; या नगरीतील ज्या नागरिकांना त्या पत्रावर सही करावीशी वाटेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर आम्हांस भेटावे.